तीन मशिनांचं एकमत

मी सिंगापूरमधल्या एका प्रयोगशाळेत काम करते आणि गेली बरीच वर्षं एकाच तपासणीच्या मागे लागलेली आहे. ज्या घरात डायबेटिस आहे तिथे तिला ‘तीन महिन्यांची शुगर’ म्हणतात. बोटाला टोचून पाहिलेली साखर त्या क्षणापुरती असते. आदल्या दिवशी जरा सांभाळून खाल्लं की ती शहाण्यासारखी वागते. ही तपासणी तशी फसत नाही. रक्तातली साखर लाल पेशींमधल्या हिमोग्लोबिनला चिकटते आणि पेशी मरेपर्यंत चिकटलेलीच राहते. पेशी जगते साधारण तीन-चार महिने. त्यामुळे किती हिमोग्लोबिनला साखर चिकटली आहे हे मोजलं, की माणसाने तीन महिने काय केलं ते कळतं. निदान मी तरी वीस वर्षं लोकांना असंच सांगत आले.

अडचण अशी की हे मोजायच्या पद्धती अनेक आणि कंपन्या त्याहून अनेक. एकाच बाईचं रक्त एका मशीनमध्ये घातलं तर सात येतं, दुसऱ्यात साडेसात. त्या अर्ध्या आकड्यावर डॉक्टर गोळी वाढवतात. म्हणून सगळ्या मशिनांनी एका रक्ताला एकच आकडा द्यावा यासाठी आमच्यासारखी माणसं राबत असतात. जगातल्या मोजक्या प्रयोगशाळांनी एक मोजपट्टी सांभाळून ठेवलेली आहे. तिच्याशी कंपनीने आपलं मशीन जुळवायचं, कंपनीशी आम्ही आमचं, आणि आमच्याशी आमच्या शाखांनी. काम गरजेचं आहे. पण ते कधीच संपत नाही. द्रावणाची नवी बॅच आली की पुन्हा पहिल्यापासून सुरू.

त्या वर्षी आमच्याकडे नवं मशीन आलं. जुनं चालू ठेवून त्याच्याशी नवं जुळवायचं होतं, शिवाय हौगांग आणि तोआ पायोहच्या शाखांमधली लहान मशीनंही रांगेत आणायची होती. रोज ठरावीक नळ्या, प्रत्येक नळी सगळीकडे दोनदा, आकडे तक्त्यात, तक्त्यावरून आलेख. सगळे बिंदू एका तिरप्या रेषेवर बसले की जिंकलं. ते बसायचे नाहीत. वरच्या आकड्यांना नवं मशीन उदार व्हायचं, खालच्यांना हात आखडता घ्यायचं. कंपनीचा माणूस यायचा, कॉफी प्यायचा, बॅच बदलून बघू म्हणायचा आणि जायचा. मी आठवड्यातून तीनदा एमआरटीने, म्हणजे इथल्या मेट्रोने, शाखांच्या वाऱ्या करायचे आणि परतताना खांबाला धरून उभ्याउभ्या डोळे मिटायचे. घरी आल्यावर कुणी माझ्याशी बोलूच नये असं वाटायचं. नेमकी त्याच वर्षी आई माझ्याकडे होती.

वडील गेल्यावर मी तिला नाशिकहून बेडोकला, माझ्या घरी आणलं होतं. एकट्या बाईने तिथे काय करायचं, असं मीच म्हणाले होते. तिने तक्रार केली नाही. महिन्याभरात तिने खालच्या बाजारात आपलं बस्तान बसवलं. ती मराठीत भाव विचारायची, भाजीवाली चिनी आजी तिच्या भाषेत सांगायची, आणि दोघी बोटं दाखवून समाधानाने भांडायच्या. गुडघा दुखायचा, पण त्याच्या गोळ्या तिने नाशिकहून भरपूर आणल्या होत्या. डायबेटिस पंधरा वर्षांचा, पण शिस्तीत ठेवलेला. सकाळी उपाशीपोटी आणि दुपारी जेवणानंतर दोन तासांनी ती बोटाला टोचायची आणि एका लांबट वहीत लिहायची. तिचं यंत्र भारतातलं, इथल्या क्लिनिकचे आकडे वेगळ्या मापाचे, म्हणून मी अठराने भागून इथल्या डॉक्टरांना सांगायचे. आकड्याशेजारी ती काय खाल्लं तेही लिहायची: एक पोळी, दुधीची भाजी, अर्धी वाटी वरण. वहीतले आकडे नेहमी बरे असायचे.

इथे आल्यावर तिची तीन महिन्यांची शुगर पहिल्यांदा केली तेव्हा सहा पॉइंट सात होती. त्या वयाला उत्तम. चार महिन्यांनी सात पॉइंट दोन. तेव्हा मी फक्त विचारलं, "आई, काही वेगळं खातेस का?"

"तू करतेस तेच खाते की."

त्यानंतरच्या वेळी ती साडेसात झाली आणि माझं डोकं फिरलं. दिवसभर मी इतरांचे आकडे जुळवत होते, आणि घरातली वही आणि घरातला रिपोर्ट यांचाच मेळ बसत नव्हता. वहीप्रमाणे तिची साखर छान. रिपोर्टप्रमाणे नाही. दोन्हीतलं एक खोटं असणार, आणि ते कुठलं याबद्दल मला क्षणभरही शंका आली नाही. मी तिच्या यंत्राची मेमरी तपासली. त्यातले आकडे वहीशी तंतोतंत जुळत होते. मग मी असं ठरवलं की ती खाऊन झाल्यावर टोचत नाही, चांगल्या वेळा निवडून टोचते. एकदा संशय डोक्यात बसला की त्याला खायला काहीही चालतं.

मी गुळाचा डबा वरच्या फळीवर ठेवला, जिथे तिचा हात पोचत नाही. संकष्टी बंद केली. उपासाच्या नावाखाली साबुदाणा जातो, असं तिला तोंडावर म्हणाले. एका रविवारी ती बाजारात गेलेली असताना मी तिची बॅग उघडली. तळाशी, साडीच्या घडीत, राजगिऱ्याच्या वड्यांचं पाकीट सापडलं. ती परत आली तेव्हा मी ते टेबलावर मधोमध ठेवलं होतं, पोलीस ठेवतात तसं.

"हे काय?"

"मावशीने दिलेलं. पोरीसाठी. उघडलेलंसुद्धा नाही बघ."

माझी मुलगी तेव्हा चौदा वर्षांची. तिने हेडफोन काढला आणि म्हणाली, "आज्जी नेव्हर ईट, लाह. यू ऑल्वेज स्कोल्ड हर फॉर नथिंग." मी तिलाही झापलं. आजीला पाठीशी घालू नकोस, यातून तिचे डोळे जातील, किडनी जाईल, मग कोण निस्तरणार, असं बरंच काही बोलले. आई स्वयंपाकघरात उभी राहून सगळं ऐकत होती. "मी नाही खाल्लं गं," असं ती त्या दिवशी दोनदा म्हणाली. पूर्वीही म्हणाली होती. त्यानंतर मात्र तिने तसं म्हणणं सोडून दिलं.

आमच्या कामात एक पद्धत आहे. मशीन जुळवताना सगळ्या पातळ्यांचं रक्त लागतं. फार चांगलं आणि फार वाईट भरपूर मिळतं, मधलं कमी पडतं. मग आम्ही आपापसात विचारतो, घरात कुणाची साडेसात-आठ आहे का? फॉर्म भरून, सही घेऊन नातलगांचं रक्त घेतात. मी आईला नेलं. तिला सांगितलं की माझ्या कामाला मदत होईल, आणि ती चांगली इस्त्रीची साडी नेसून आली. खरं कारण मला ठाऊक होतं. मला तिला पकडायचं होतं.

जुन्या मशीनवर सात पॉइंट आठ आलं. नव्यावर सात पॉइंट आठ. तीच नळी मी तोआ पायोहला नेली. तिथल्या लहान मशीननेही सात पॉइंट आठच सांगितलं. वर्षभर जे घडत नव्हतं ते आईच्या रक्तात घडलं. तिचा बिंदू आलेखावर अगदी रेषेवर बसला, केसभरही इकडेतिकडे नाही. मी त्या दिवशी खूश झाले, हे मला लिहायलाच हवं. येताना एमआरटीत मला बसायला जागा मिळाली आणि मी डोळे मिटले नाहीत, त्या कागदाकडे बघत बसले.

घरी आल्यावर तो तिच्यापुढे ठेवला. "आई, आता बोल. तीन मशीनं, तीन कंपन्या, आकडा एक."

तिने चष्मा लावला. कागद सावकाश वाचला, जणू त्यात अजून काही असेल. मग घडी घातली.

"मग असेल," ती म्हणाली.

मी त्याला कबुली समजले.

त्या कागदाच्या जोरावर आम्ही क्लिनिकमध्ये गेलो. डॉक्टर तरुण होत्या, घाईत होत्या, आणि मी त्या क्षेत्रातली म्हणून त्यांनी माझं म्हणणं आदराने ऐकलं. मी आईची वही नेलीच नव्हती. त्यांनी एक नवी गोळी वाढवली, स्वादुपिंडाला चिमटा काढून इन्सुलिन बाहेर काढायला लावणारी. मग आईकडे वळून त्यांनी इंग्रजीत समजावलं: जेवणाआधी घ्या, जेवण चुकवू नका, घाम आला, हात थरथरले, गरगरलं, तर साखर उतरलेली असेल, ताबडतोब काहीतरी गोड खा. आई माझ्याकडे बघायला लागली. मी तिला मराठीत सांगितलं: जेवणाआधी घ्यायची, जेवण चुकवायचं नाही. आणि थांबले. शेवटचं वाक्य मी गाळलं. गोड खायला तिला आयतं निमित्त मिळेल, असं मला वाटलं. इतकं सरळ वाटलं ते, की मला स्वतःची लाजही वाटली नाही.

पंधरा दिवसांनी तिने सांगितलं की अकराच्या सुमाराला घाबरल्यासारखं होतं, घाम फुटतो. मी लॅपटॉपवरून मान वर न करता म्हटलं, "इतके दिवस साखर वर होती, आता खाली येतेय, शरीराला सवय नाही." पुन्हा एकदा म्हणाली तेव्हा मी म्हटलं, "गोड मागायची ही नवी तऱ्हा का?"

मी हौगांगच्या शाखेत होते तेव्हा फोन आला. अनोळखी नंबर, मागे भांड्यांचा आवाज. बेडोकच्या हॉकर सेंटरमधली, म्हणजे बाजाराला लागून असलेल्या खाण्याच्या स्टॉल्सवरची, ड्रिंक्स स्टॉलवाली आंटी बोलत होती. आईच्या पर्समधल्या चिठ्ठीवर माझा नंबर होता. "युअर मदर फॉल डाउन ऑलरेडी. हर शर्ट ऑल वेट. यू कम क्विक, लाह." आई भाजी घेऊन खुर्चीत बसली आणि बसल्याबसल्या खाली घसरली होती. मी टॅक्सीत बसून पोचले तोवर ती शुद्धीवर होती, अ‍ॅम्ब्युलन्सची माणसं तिच्या बोटाला टोचत होती, आणि आंटी तिच्या पाठीशी हात देऊन उभी होती. तिने आईला चमच्याचमच्याने कंडेन्स्ड मिल्क चाटवलं होतं. "माय हजबंड सेम-सेम," ती मला म्हणाली. "लाइक दॅट, मस्ट गिव्ह स्वीट. यू डोंट नो, आह?"

मला ठाऊक होतं.

हॉस्पिटलमध्ये त्यांनी सगळंच रक्त तपासलं, नुसती साखर नाही. हिमोग्लोबिन जेमतेम आठ. पेशी लहान, फिकट. शरीरातलं लोह जवळजवळ संपलेलं. डॉक्टरांनी विचारलं, काही गोळ्या घेतात का? मी गुडघ्याच्या गोळ्यांचं सांगितलं. रोज दोन, कधी तीन, दोन वर्षं. पोटात कॅमेरा घातल्यावर त्या गोळ्यांनी पडलेला व्रण दिसला. तिथून रोज थोडं थोडं रक्त जात होतं, कुणाला कळणार नाही इतकं थोडं. शिवाय माझ्या भीतीने तिने खाणंही निम्म्यावर आणलं होतं.

लोह कमी पडलं की नव्या लाल पेशी कमी बनतात, जुन्याच जास्त दिवस फिरत राहतात. जितके दिवस जास्त, तितकी साखर जास्त चिकटते. म्हणजे माणसाने चमचाभरही गोड न खाता तीन महिन्यांची शुगर चढते. हे काही गूढ ज्ञान नाही. आमच्याकडे येणाऱ्या प्रत्येक शिकाऊ माणसाला पहिल्या आठवड्यात हे शिकवतात. त्यावरची स्लाइड मी बनवलेली आहे, आणि त्याच वर्षी, तोच आकडा आईपुढे नाचवत असताना, मी ती दोनदा शिकवली होती. ‘आकडा आणि रुग्ण जुळत नसतील तर आधी हिमोग्लोबिन बघा,’ असं तिच्यावर लाल अक्षरात लिहिलेलं आहे. आई माझ्यासाठी रुग्ण नव्हती. ती आई होती, आणि ती चोरून खाते असं मी धरून चालले होते.

ती वॉर्डात झोपलेली असताना मी घरी येऊन तिची वही उघडली. मधले दोन महिने मी ती पाहिलीच नव्हती. तिच्या गोल, सावकाश अक्षरात सगळं होतं, सत्तरच्या खाली उतरलेली साखर ओळीने. एकसष्ट, घाम आला, मुलीला सांगितलं. अठ्ठावन्न, घाम आला. त्रेपन्न, हात थरथरले, बसून राहिले. त्यापुढे खाण्याच्या रकान्यात: काही नाही. सगळ्या नोंदींच्या वेळा सकाळी साडेदहा ते साडेअकराच्या मधल्या होत्या, म्हणजे मी कामावर असतानाच्या. घरात साखरेचा डबा होता, मध होता, गूळ वरच्या फळीवर होता. तिने कशालाही हात लावला नव्हता.

आठवड्याने मी कामावर परत गेले. मशीन जुळवणीचा अहवाल माझ्या टेबलावर सहीसाठी पडून होता. आलेखात तिचा बिंदू कुठला ते मला न शोधता दिसलं. तो काढून टाकावा असं मनात आलं, पण काढायला कारणच नव्हतं. मशिनांनी मोजलं होतं ते बरोबर होतं. तिच्या रक्तात तेवढ्याच हिमोग्लोबिनला साखर चिकटलेली होती. चूक त्या बिंदूत नव्हती. मी अहवालावर सही केली आणि हौगांगला जायला निघाले, कारण तिथल्या मशीनची बॅच बदलायची होती. दमायला होतं म्हणून काही काम थांबत नाही.

नवी गोळी बंद झाली. गुडघ्याची बंद झाली. लोहाच्या आणि पोटाच्या सुरू झाल्या. तिची नखं आधी पांढुरकी असायची, ते मी पाहिलंच नव्हतं, ती हळूहळू गुलाबी दिसायला लागली. काही महिन्यांनी तीन महिन्यांची शुगर सहा पॉइंट चारवर आली. लोह सुरू केल्यावर हा आकडा आधी जरा जास्तच उतरतो, म्हणून त्यावरही मी नाचले नाही. वही बघितली. वहीही तेच म्हणत होती, पहिल्यापासून म्हणत होती तसंच.

माफी मागायची राहिली होती. रोज ठरवायचे आणि रोज काहीतरी आडवं यायचं. खरं म्हणजे मीच टाळत होते. मग एका शनिवारी दुपारी ती डायनिंग टेबलाशी मेथी निवडत बसलेली असताना मी समोरची खुर्ची ओढली.

"आई, माझं चुकलं. तू खरं सांगत होतीस."

"असू दे."

"असू दे काय? मी तुझी बॅग उघडली. डॉक्टरांचं बोलणं तुला अर्धवट सांगितलं."

"कळलं मला ते नंतर." तिने एक देठ मोडला, पानं वेगळी केली. "राग आला होता मला. नाही कसा येणार? पण मग तू तो कागद आणलास. म्हटलं, एवढी शिकलेली पोर, एवढी मशीनं, ती कशाला खोटं बोलतील? आपणच खात असू."

"म्हणजे?"

"अगं, तुझी आत्या नव्हती का, जेवून उठायची आणि मला कुणी वाढलंच नाही म्हणायची. म्हातारपणी होतं तसं. मला वाटलं, मी झोपेत उठून खात असेन. म्हणून तुम्ही सगळे झोपलात की फ्रिजच्या मुठीला ओली हळद लावून ठेवायची. डब्यांच्या झाकणांनाही. सकाळी तुमच्याआधी उठून हात बघायचे आणि मग सगळं पुसून काढायचं."

ती निवडत राहिली.

"मग?" मी विचारलं.

"मग काय? हात स्वच्छ. एक दिवससुद्धा काही नव्हतं."

"मग तेव्हा तरी तुला कळलं नाही का, की तू खात नव्हतीस?"

तिने निवडलेली मेथी चाळणीत सरकवली आणि टेबलावरची माती तळहाताने गोळा केली.

"मला वाटायचं, खाल्ल्यावर हात धुऊन झोपत असेन," ती म्हणाली.